उघडं पडलेलं पितळ

वाणिज्य शाखेच्या पदवीनं मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, जगातली प्रत्येक वस्तू जमेच्या नाही तर नावेच्या बाजूला कुठंतरी बसतेच. आणि दोन, वर्षअखेर तिच्यावर घसारा काढावाच लागतो. या दोन्ही नियमांना हरताळ फासणारी एकच वस्तू मला आजवर भेटली. ती म्हणजे सॅक्सोफोन.

सॅक्सोफोन आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो, तो वरातीत. लाल कोट घातलेला, गाल फुगवलेला एक गृहस्थ आणि त्याच्या पोटावर हुक्क्यासारखं वळलेलं ते पिवळंजर्द धूड. कुणीही म्हणेल, हे पितळी वाद्य. पण संगीतशास्त्राच्या खतावणीत त्याची नोंद आहे ‘लाकडी सुषिर वाद्यं’ या खात्यात! आमच्याकडं अशी एक नोंद चुकीच्या खात्यात पडली तर रात्री नऊपर्यंत ताळा जमत नाही. इथं मात्र सगळं रीतसर आहे. कारण वाद्य पितळेचं असलं तरी सूर निघतो तो गवताच्या एका पातळ पत्तीतून. हे गवत म्हणजे आपल्या बोरूचं जवळचं नातेवाईक. कारकुनाला उगाच बोरूबहाद्दर म्हणतात. खरा बोरूबहाद्दर हा सॅक्सोफोनवालाच.

हे त्रांगडं जन्माला घालणारा अडॉल्फ सॅक्स ६ नोव्हेंबर १८१४ रोजी आजच्या बेल्जियममधल्या दिनाँ गावी जन्मला. त्याच्या बालपणाची हकीकत विमा कंपनीच्या एजंटानं वाचू नये. हा मुलगा तीन मजले खाली पडला, टाचणी गिळून बसला, दूध समजून तेजाबाचं पाणी प्यायला, दारूच्या स्फोटात भाजला आणि नदीतही पडून आला. दारू म्हणजे बंदुकीची. दुसरी असती तर त्यात नवल नव्हतं. याच्या नशिबी दुर्दैवच लिहिलंय, हा काही जगत नाही, असं खुद्द त्याच्या आईनं म्हणून ठेवलं होतं. पण सॅक्स जगला, आणि वडिलांसारखाच वाद्यं बनवू लागला.

१८४२ मध्ये तो पॅरिसला आला. संगीतकार बर्लिओझनं त्याच वर्षी वर्तमानपत्रात त्याच्या नव्या वाद्याची तोंड भरून तारीफ केली. २८ जून १८४६ रोजी सॅक्सोफोनचं पेटंट मिळालं. त्याआधी १८४५ मध्ये लष्करी बँडसाठी पॅरिसच्या शाँ द मार्स मैदानावर जाहीर सामना झाला. एका बाजूला जुन्या थाटाचा बँड, दुसऱ्या बाजूला सॅक्सच्या वाद्यांचा. त्याचे काही वादक ऐनवेळी आलेच नाहीत. तरी लोकांनी टाळ्या दिल्या त्या सॅक्सलाच.

आणि तिथंच घात झाला. यश माफ करील तो भाऊबंद कसला? पॅरिसच्या वाद्यकारांनी सॅक्सवर दावे लावले. पेटंटच खोटं, वाद्यच जुनं, अशी तक्रार. वर्षानुवर्षं कज्जेदलाली चालली. त्या भांडणात सॅक्सनं जो सिद्धांत हिरिरीनं मांडला तो या लेखाचा गाभा आहे. तो म्हणाला, वाद्याचा स्वर त्याच्या धातूवर ठरत नाही. तो ठरतो आतल्या हवेच्या खांबाच्या आकारावर आणि प्रमाणावर. म्हणजे पितळ ही केवळ पिशवी. माल आतली हवा!

स्वतःच्या मालाबद्दल इतकं खरं बोलणाऱ्या व्यापाऱ्याचं जे व्हायचं तेच झालं. सॅक्सचं दिवाळं वाजलं १८५२ मध्ये, मग १८७३ मध्ये, आणि उरलंसुरलं १८७७ मध्ये. या शेवटच्या खेपेला त्यानं हौसेनं जमवलेला जुन्या वाद्यांचा संग्रहसुद्धा लिलावात गेला. १८९४ मध्ये तो वारला. मुलाच्या नावापुढं तीनदा ‘बुडीत’ असा शेरा, आणि मुलाचं नाव मात्र साऱ्या जगाच्या तोंडी.

पेटंटची मुदत १८६६ मध्येच संपली होती. मग ज्याला त्याला सॅक्सोफोन बनवता येऊ लागले. पॅरिसच्या सेल्मर कंपनीनं १९२२ मध्ये पहिला सॅक्सोफोन काढला आणि काही वर्षांतच सॅक्सच्या घराण्याचा कारखानाही विकत घेतला. याच सेल्मरचं १९५४ मध्ये निघालेलं ‘मार्क सिक्स’ हे मॉडेल म्हणजे सॅक्सोफोनवाल्यांचं कोहिनूर. सत्तरीच्या दशकाच्या मध्याला आल्टोचं हे मॉडेल बंद झालं आणि भाव वर चढू लागला. वापरलेली, पोचे आलेली, लाखेचा मुलामा उडालेली वस्तू कोऱ्या वस्तूपेक्षा महाग! हा घसारा उलट्या दिशेनं कसा चढतो, हे आमच्या कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

बरं, मार्क सिक्समध्येही सोवळंओवळं आहे. ज्याचा अनुक्रमांक पाच आकडी तो उत्तम, सहा आकडी झाला की जरा उतरता, अशी कित्येकांची श्रद्धा. मला यात काही नवल वाटलं नाही. नोटेच्या नंबरात ७८६ आला म्हणून शंभराची नोट जास्त पैसे मोजून घेणारे महाभाग मी काउंटरवर पाहिले आहेत. त्या नोटेवर दूध मात्र शंभराचंच येतं.

मग सॅक्सचा सिद्धांत खरा की बाजारभाव खरा? याची एक झकास परीक्षा १९७१ मध्ये अमेरिकेत झाली. सॅक्सोफोनची नव्हे, त्याच्या चुलत बहिणीची, बासरीची. कोल्टमन नावाच्या पदार्थवैज्ञानिकानं आतून अगदी एकाच मापाच्या बासऱ्या केल्या. एक चांदीची, एक तांब्याची, एक लाकडाची. श्रोत्यांना न दाखवता वाजवल्या. ऐकणाऱ्यांना ओळखू येईनात. इतकंच काय, वाजवणाऱ्यांनाही हातात कुठली आहे हे नुसत्या आवाजावरून सांगता येईना! चांदीच्या वाटीत वाढलं म्हणून पिठल्याची बासुंदी होत नाही, हे आमच्या आजीला प्रयोगाशिवाय ठाऊक होतं, ते वेगळं.

मग सॅक्सोफोन-सॅक्सोफोनमधला फरक येतो कुठून? थोडा आतल्या नळीच्या निमुळतेपणातून, थोडा भोकांच्या जागांतून, थोडा चाव्यांच्या गाद्या किती घट्ट बसतात त्यातून. आणि बराचसा येतो तो ओठात धरायच्या बोटभर तुकड्यातून, ज्याला म्हणतात माउथपीस.

हा तुकडा बहुधा कडक काळ्या रबराचा, नाही तर धातूचा किंवा प्लॅस्टिकचा असतो. त्यात तीन गोष्टी पाहायच्या. पहिली, पत्तीचं टोक आणि माउथपीसचं टोक यांतली फट. ती जेमतेम दीड-दोन मिलिमीटर. फट मोठी की आवाज मोठा, पण फुंकणाऱ्याचा जीव मेटाकुटीला. दुसरी, आतली पोकळी. ती ऐसपैस असेल तर स्वर गोल, मऊ, जेवून पानाचा विडा लावलेला. तिसरी, पत्तीसमोरची आतली भिंत. ती उंच असली की हवेची वाट चिंचोळी होते आणि स्वर धारदार निघतो. नळाच्या तोंडावर बोट दाबलं की पाण्याची पिचकारी शेजाऱ्याच्या गॅलरीत जाते, तसंच काहीसं. शिवाय या माउथपीसना नंबर असतात, पाच, सहा, सात. पण एका कंपनीचा पाच दुसऱ्या कंपनीच्या पाचशी जुळेल तर शपथ. पावलाला नऊ नंबरचा जोडा लागतो असं दुकानात ठामपणे सांगून आठवर समाधान मानलेल्या माणसाला हे पटावं.

गंमत म्हणजे सॅक्सच्या मूळ माउथपीसची पोकळी चांगली ऐसपैस, गोल होती. पुढं नाचाच्या बँडमध्ये ट्रम्पेटच्या कल्लोळात सॅक्सोफोन ऐकू यावा म्हणून ती आवळत गेली, भिंत चढत गेली. सिगुर्ड राशर नावाचा जर्मनीत जन्मलेला वादक जन्मभर ओरडत राहिला की अरे बाबांनो, हा सॅक्सचा स्वरच नव्हे! ग्लाझुनोव्हनं १९३४ मध्ये आपला सॅक्सोफोन कन्सर्टो लिहिला तो याच्यासाठी. राशर जुन्या घाटाच्या माउथपीसला चिकटून राहिला. बाकीचं जग पुढं गेलं.

हे सगळं मला ज्यानं एका वाक्यात शिकवलं तो एक बँडवाला. आमच्या शाखेत तो वाद्यं तारण ठेवून कर्ज मागायला आला होता. सोनंतारणाला सराफ असतो, कसोटीचा दगड असतो. सॅक्सोफोनला काय लावणार? साहेबांनी नेहमीप्रमाणं माझ्याकडं बोट केलं. मी किंमत विचारली. तो म्हणाला, “साहेब, वजनावर धराल तर मोडीचा भाव. वाजवणाऱ्यावर धराल तर तुमची बँक पुरायची नाही.” मग वाद्य टेबलावर ठेवून त्यानं त्याचा माउथपीस काढला, रुमालात गुंडाळला आणि खिशात टाकला. मी म्हटलं, “हे पण ठेवा की.” तो म्हणाला, “ते नाही. भांडं तुमचं, तोंड माझं.” कर्ज मंजूर झालं नाही, पण तारणाची इतकी चोख व्याख्या मी परिपत्रकात वाचलेली नाही.

त्याच्या म्हणण्याला इतिहासाचा भक्कम जामीनही आहे. १९५० मध्ये लंडनमध्ये ग्राफ्टन नावाचा आल्टो सॅक्सोफोन बाजारात आला. त्याचं अंग चक्क प्लॅस्टिकचं! रंग दुधी, चाव्या पितळी, किंमत ५५ गिनी. म्हणजे हिशेबानं ५७ पौंड १५ शिलिंग. पितळी वाद्यांच्या मानानं पुष्कळ स्वस्त. जाणकारांनी नाकं मुरडली. बादली, मग आणि सॅक्सोफोन एकाच मालाचे म्हटल्यावर मुरडणारच.

१५ मे १९५३ रोजी कॅनडात टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये चार्ली पार्कर वाजवायला उभा राहिला तो हाच प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन घेऊन. सोबतीला डिझी गिलेस्पी, बड पॉवेल, चार्ल्स मिंगस, मॅक्स रोच, म्हणजे एकेक दिग्गज. पण त्याच रात्री मार्सियानो आणि वॉलकॉट यांची मुष्टियुद्धाची लढत होती. लोक तिकडं गुंतले, सभागृह बरंच रिकामं राहिलं, गल्ला जमला नाही. मग आयोजकांनी कलावंतांना चेक दिले. आता माझ्या अंगावर काटा येणारा भाग. खात्यात पुरेशी रक्कम नव्हती! पार्करचा चेक तेवढा वटला असं सांगतात. गिलेस्पीनं तर पुढं कित्येक वर्षं आपले पैसे मिळाले नसल्याची तक्रार केली.

त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण मात्र वटलं, आणि आजवर वटतंय. डोळे मिटून ऐका. हा प्लॅस्टिकचा आवाज, असं कुणी म्हणणार नाही. हा पार्करचा आवाज. व्यसनापायी त्यानं स्वतःचे सॅक्सोफोन कितीदा तरी गहाण टाकले, दुसऱ्याचे मागून वाजवले. ज्याच्या त्याच्या वाद्यातून निघाला तो पार्करच. अवघ्या चौतिसाव्या वर्षी, १९५५ मध्ये, तो गेला. आणि तो प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन १९९४ मध्ये लंडनला लिलावात ९३,५०० पौंडांना विकला गेला. तो आता कॅन्सस सिटीच्या जाझ संग्रहालयात आहे. त्या पैशातला एक पौंडसुद्धा ज्याच्या फुंकरीनं हा भाव आला त्याच्या खात्यात जमा होऊ शकत नव्हता. खातंच बंद झालं होतं.

पितळ परवडत नाही म्हणून ग्राफ्टन घेणारा आणखी एक होता, ऑर्नेट कोलमन. त्यानं १९५९ मध्ये त्या प्लॅस्टिकमधून जाझची वाटच बदलली.

आपल्याकडं काय वेगळं झालं? ‘काश्मीर की कली’मधलं (१९६४) रफीसाहेबांचं ते नशेतलं गाणं आठवा. त्यातला सॅक्सोफोन मनोहारी सिंग यांचा. गाणाऱ्यानं दम घेतला की तो रडायला लागतो, आणि दोघांत जास्त प्यायलेला कोण ते कळत नाही. तिकडं कर्नाटकात कद्री गोपालनाथांनी म्हैसूरच्या राजवाड्यातल्या बँडमध्ये हे वाद्य पाहिलं आणि याच्यावर कर्नाटक संगीत वाजवायचंच, असा हट्ट धरला. चाव्यांचं वाद्य, त्यातून गमक काढायचं म्हणजे जिन्यावरून घसरगुंडी करण्यासारखं. त्यांनी वाद्यात फेरफार केले, ओठांना वर्षानुवर्षं राबवलं, आणि १९९४ मध्ये लंडनच्या बीबीसी प्रॉम्समध्ये राग वाजवून दाखवला. सॅक्सनं नळी केली. तिच्यातून मींड निघेल हे त्याच्या स्वप्नातही नसणार.

तेव्हा कुणाच्या घरात आल्टो सॅक्सोफोन घ्यायचं घाटत असेल तर बँकेतल्या माणसाचा फुकटचा सल्ला ऐका. वाद्य साधं पण सुरात असलेलं घ्यावं. यामाहानं १९६७ पासून सॅक्सोफोन काढायला सुरुवात केली, तेव्हापासून शिकाऊ माणसाला तशी वाद्यं मिळू लागली आहेत. उरलेल्या पैशात एक बरा माउथपीस घ्यावा. दोन वाद्यं ताडून पाहायची तर दोन्हींवर तोच माउथपीस, तीच पत्ती लावावी, आणि ऐकणाऱ्यानं पाठ करून बसावं. डोळ्यांना कंपनीचं नाव दिसलं की कान लगेच राजीनामा देतात. आणि तरीही पैसे उरलेच, तर ते शिकवणाऱ्या गुरुजींना द्यावेत. या साऱ्या व्यवहारात ज्याच्यावर घसारा लागत नाही असं तेवढंच एक खातं आहे.

आता राहिला तो बिचारा सॅक्स. त्याच्या देशानं त्याचा हिशेब उशिरा का होईना पण चुकता केला. १९९० च्या दशकात बेल्जियमनं आपल्या २०० फ्रँकच्या नोटेवर त्याचं चित्र छापलं. तीनदा दिवाळं निघालेला माणूस सरकारी चलनावर! २००२ मध्ये युरो आला आणि ती नोटही व्यवहारातून गेली. सॅक्सच्या नावावर पैसा काही टिकला नाही. सूर तेवढा टिकला, आणि तो त्यानं सांगितल्याप्रमाणं निव्वळ हवेचाच होता.