दंडातला बेडूक

मे संपत आला की रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात नुसती धांदल असते. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद. त्याआधी जाळी उतरवायची, होड्या वर घ्यायच्या, शाकारायच्या, आणि नेपाळकडच्या खलाशांनी गावी जायची पिशवी भरायची. अशाच एका संध्याकाळी मी नुसता बघ्या म्हणून धक्क्यावर उभा होतो. होडी ओढून झाल्यावर खारव्यांच्या एका चौदा-पंधरा वर्षांच्या पोराने बाही खांद्यापर्यंत सरकवली, मूठ आवळली आणि शेजारच्या नेपाळी खलाशाला म्हणाला, "ही बग माजी बेडकुळी!" खलाशी हसला. त्याने आपला दंड वाकवला. पोराच्या दुप्पट गोळा वर आला. "इसको बोलते हैं मछली," तो म्हणाला.

मी तिथेच अडकलो. ज्याचं बालपण डोंगरात गेलं त्याच्या दंडात मासा, आणि ज्याच्या चार पिढ्या मासळीवर जगल्या त्याच्या दंडात बेडूक! हे उलटं कसं झालं? त्या दिवसापासून मला हा नाद लागला आहे.

आधी जगाचं पाहू. इंग्रजी 'मसल' हा लॅटिन 'मुस्कुलुस'पासून आला, आणि त्याचा अर्थ छोटा उंदीर. दंड वाकवला की कातडीखाली काहीतरी सरकतं, ते रोमनांना उंदरासारखं वाटलं. ग्रीकांत तर 'मूस' म्हणजे उंदीरही आणि स्नायूही. आजच्या वैद्यकातला 'मायो' तिथलाच, म्हणजे रुग्णालयाच्या कागदावर 'मायोकार्डियल' असं छापून येतं तेव्हा हृदयात एक ग्रीक उंदीर बसलेला असतो. रशियनमध्ये उंदीर 'मिश' आणि स्नायू 'मिश्त्सा'. आर्मेनियनमध्येही हीच जोडी. इतक्या दूरदूरच्या भाषांत एकच उंदीर, तेव्हा तो फार जुना असणार.

मग आपल्याकडे तो का नाही? संस्कृतातला 'मूष' आणि लॅटिनमधला 'मुस' हे एकाच मुळाचे. वारसाहक्काने उंदीर आपल्याही दंडात यायला हवा होता. तो आला, पण वाटेत घसरला: संस्कृत 'मुष्क' हा त्याच उंदरावरून आलेला शब्द अंडकोषाला चिकटला. कोशकार 'धट्टाकट्टा माणूस' असाही त्याचा एक अर्थ देतात, पण तो कोशातच राहिला. दंडाची जागा रिकामी पडली.

रत्नागिरीकरांसाठी आणखी एक गंमत. शिनाणे या शिंपल्याला इंग्रजीत 'मसल'च म्हणतात. स्पेलिंग वेगळं, मूळ तेच मुस्कुलुस. शिनाणी उघडताना जी काय झटापट होते ती खरं तर स्नायूशीच असते. दोन शिंपांना जखडून धरणारा तो स्नायू तासन्‌तास जवळजवळ काहीच खर्च न करता आवळलेला राहू शकतो. आपला दंड दोन मिनिटांत थरथरायला लागतो. वाफ लागली की शिनाण्यातल्या त्या स्नायूची पकड सुटते आणि शिंपा आपोआप आ वासतात.

आता त्या खलाशाची मछली. हिंदीत दंडाच्या फुगवट्याला मछली म्हणतात, आणि फारसीत स्नायूला शब्दच आहे 'माहीचे', म्हणजे छोटा मासा. माझा अंदाज असा की हिंदीतली मछली ही फारसीच्या सावलीत वाढली. पण मग मराठीचं काय? आपण फारसीकडून वकील घेतला, जमीन घेतली, पाऊण कचेरी घेतली, आणि दंडातला मासा मात्र घेतला नाही. मराठीत मासा पायात गेला. लग्न झालेल्या बाईच्या पायाच्या बोटात मासोळ्या असतात. तिथे गेल्यावर तो परत वर आला नाही.

आकारावरून नाव ठेवायचं मराठीला वावडं नाही. पायाच्या मागच्या गोळ्याला आपण पोटरी म्हणतो, म्हणजे छोटं पोट. युरोपीय शरीरशास्त्रात त्याच स्नायूचं नाव गॅस्ट्रोक्नेमियस, आणि ग्रीकमध्ये त्याचा अर्थ पायाचं पोट. कोणी कोणाकडून घेतलं नाही, दोघांनी पाय पाहिला आणि दोघांना पोट दिसलं. भातसुद्धा कणीस आत धरून फुगलं की 'पोटरीत आलं' असंच म्हणतात. तेव्हा दंड जर केवळ आकारावरून ओळखायचा असता तर मासा काय वाईट होता? निमुळती टोकं, मध्ये फुगीर. बांगडा आठवा.

इथे माझा सिद्धांत येतो. मराठीने दंडाचा आकार पाहिला नाही, त्याची उडी पाहिली. लहानपणी आम्ही एकमेकांची बेडकुळी 'काढत' असू. मूठ अशी वळायची की मधल्या बोटाचं पेर पुढे येईल, आणि समोरच्याच्या दंडावर एक खणखणीत ठोसा. नीट बसला की जागच्या जागी टणकन गाठ उठते, दोनचार सेकंद राहते आणि बसते. डॉक्टर याला मायोएडिमा म्हणतात. मज्जातंतूकडून काही हुकूम न येता तेवढाच भाग आपलाआपण आकसतो. डबक्याच्या काठावर बेडूक असाच अचानक टपकतो आणि दिसेनासा होतो. अमेरिकेच्या काही भागांत शाळकरी पोरं हाच ठोसा मारतात आणि उठलेल्या गाठीला 'फ्रॉग'च म्हणतात. त्यांचा आणि आपला काडीचा संबंध नाही. संबंध आहे तो ठोशाचा. जिथे नुसतं न्याहाळून नाव ठेवलं तिथे उंदीर किंवा मासा आला, जिथे पोरांनी ठोसा मारून ठेवलं तिथे बेडूक आला.

मराठी शिकवणाऱ्या माझ्या एका मित्राला हे मुळीच मान्य नाही. तो म्हणतो, छापील मराठीत शब्द 'बेटकुळी' असा येतो, 'बेडकुळी' ही तुमची कोकणी उच्चारपद्धत. बेटकुळी म्हणजे बेट. पाण्यातून वर आलेला उंचवटा तसा दंडातून वर आलेला उंचवटा. बांबूचंही बेट असतं. बेडूक तुम्ही मागाहून घुसवलात.

दिसायला हे साजरं आहे. पण मग 'कुळी' कुठून आली? बेटाचं लाडकं रूप कोणी बेटकुळी केलेलं मी ऐकलं नाही. उलट बेडूक घ्या: त्यातला 'क' मुळातच आहे, पुढे लाडाचा 'उली' लावा, बेडुकली, बेडकुली, बेडकुळी. शिवाय बेट कोणी 'काढत' नाही. बेट 'दाखवत'ही नाही. दंड दाखवणाऱ्याच्या आवाजात जी फुशारकी असते ती जिवंत प्राणी पकडून आणलेल्या पोराची असते.

राहिला 'ड'चा 'ट' कसा झाला हा प्रश्न. बोलताना 'बेडकुळी'तल्या ड आणि क यांच्यामधला अकार गळतो. ड घोष, क अघोष. दोघं एकमेकांना भिडले की क आपल्या बाजूला ओढतो आणि ड चा ट होतो. मित्राने लगेच पकडलं: मग खिडकीची खिटकी का झाली नाही? लाडकीची लाटकी का नाही? घशातल्या बेडक्याचा बेटका का नाही? प्रश्न बिनतोड आहे, मी दोन दिवस गप्प होतो. माझं उत्तर असं: लाडकीमागे लाड उभा आहे, तो ड ला हलू देत नाही. खिडकी घरात रोज उघडते आणि रोज बोलली जाते. बेडका चिखलातल्या बेडकासारखाच घाणेरडा, त्यामुळे तो बेडकाला विसरत नाही. पण शहरात, वर्गात, छापखान्यात बेडकुळीतला बेडूक लोक विसरले. राखणदार गेला आणि ड चा ट झाला. जिथे पावसाळ्यात अंगणात बेडूक येतात तिथे ड टिकला. मित्र म्हणतो हा पुरावा नव्हे, ही वकिली आहे. असो.

बेडकाच्या बाजूने मात्र एक साक्षीदार असा मिळाला की त्याला मित्रही नाही म्हणू शकला नाही. दंड फुगतो म्हणजे नक्की काय होतं, हे जगाला बेडकाने शिकवलं. जुन्या युरोपीय वैद्यांची समजूत अशी की मज्जातंतूंतून एक वायूसारखं द्रव्य स्नायूत शिरतं आणि तो फुग्यासारखा फुगतो. सतराव्या शतकात यान स्वामरडाम या डच माणसाने बेडकाचा स्नायू एका काचनळीत ठेवला, नळीच्या टोकात पाण्याचा थेंब ठेवला आणि मज्जातंतूला डिवचलं. स्नायू आकसला, थेंब वर सरकला नाही. म्हणजे आत काही शिरत नाही. लांबी कमी होते तेवढी जाडी वाढते, एकूण माप तेवढंच. पुढे गॅल्वानीने १७९१ साली वीज आणि बेडकाचे पाय यांचं प्रकरण छापलं. ए. व्ही. हिल यांना १९२२ चं नोबेल मिळालं ते आकसणाऱ्या स्नायूच्या उष्णतेसाठी, आणि तेही बेडकाच्याच स्नायूंवर मोजून. १९५४ मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात दोन हक्सलींचे (दोघं एकमेकांचे कोणी नव्हेत) दोन निबंध आले. अँड्र्यू हक्सली आणि नीडरगेर्के यांनी बेडकाचा तंतू घेतला होता, ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांनी सशाचा. निष्कर्ष एकच: स्नायूतले धागे आखडत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात.

हे सरकणं समजायला मिरकरवाड्याचा दोर पुरे. जाडा धागा मायोसिनचा, त्याला शेकडो हात. बारीक धागा ॲक्टिनचा, तो दोर. प्रत्येक हात धरतो, खेचतो, सोडतो, पुढे धरतो. सुरू करायची हाळी कॅल्शियमची. आणि गंमत अशी की धरायला नव्हे, सोडायला एटीपी, म्हणजे स्नायूचं इंधन, लागतो. मेल्यावर एटीपी संपतो, हात धरलेलेच राहतात, म्हणून ताजा बांगडा फळीसारखा ताठ असतो आणि शिळा झाला की पुन्हा लोंबतो. तोच बांगडा चिरताना कातडीखाली कडेने जी गडद पट्टी दिसते, जी काही घरांत काढून टाकतात, ती दिवसभर संथ पोहायची. उरलेलं फिकट मांस झटक्यात पळायचं.

आता शेवटचा घोळ, आणि तो आपल्या पाठ्यपुस्तकांचा आहे. सुश्रुताला विचारलं असतं की दंडात काय आहे, तर तो स्नायू म्हणाला नसता, पेशी म्हणाला असता. त्याच्या शारीरस्थानात पेशी ५००, स्नायू ९००. पेशी म्हणजे मांसाचा गोळा, स्नायू म्हणजे बांधणारा दोरा. त्याने उपमाही दिली आहे ती होडीची: फळ्या पुष्कळ बंधांनी नीट बांधल्या की होडी माणसांचा भार पाण्यात पेलते, तसं शरीर स्नायूंमुळे भार पेलतं. ही खिळ्यांची होडी नव्हे, काथ्याने शिवलेली. तशीच शिवलेली 'कौंडिण्य' ही नौका गोव्यात बांधून २१ मे २०२५ रोजी कारवारला नौदलात दाखल झाली.

स्नायू पेशींपेक्षा इतके जास्त का? सुश्रुताची पद्धत अशी की प्रेत गवतात गुंडाळून सात रात्री वाहत्या पाण्यात ठेवायचं आणि मग वाळ्याच्या, केसांच्या कुंच्याने थराथराने खरवडायचं. सात रात्रींत मऊ मांस विरघळतं, चिवट दोरे उरतात. उरलं ते मोजलं. हा अंदाज माझा, पण मासे वाळवणाऱ्या गावात राहणाऱ्याला तो सहज सुचतो.

मग मराठीने काय केलं? दोऱ्याचं नाव गोळ्याला दिलं, आणि गोळ्याचं नाव, पेशी, सूक्ष्मदर्शकातल्या कणाला दिलं. हिंदीत अजून मांसपेशी म्हणजे मसलच. गुजराती आणि कन्नड आपल्यासारख्याच चुकल्या, तिथेही स्नायू म्हणजे मसल. बंगालीत स्नायू म्हणजे मज्जातंतू. त्यालाही वंश आहे: स्नायूचा भाऊबंद 'स्नावन्', आणि त्याच मुळाचं ग्रीक 'न्यूरॉन', ज्याचा अर्थ आधी धनुष्याची तात, नंतर नस. म्हणजे बंगाली ग्रीकांच्या वाटेने गेली, आपण आपल्या.

पेशीच्या बाबतीत मात्र मराठीला मी दोष देत नाही. महाभारतात गांधारीला जो कठीण गोळा झाला त्याला 'मांसपेशी'च म्हटलं आहे, आणि व्यासांनी त्याचे एकशे एक भाग करून तुपाच्या कुंभांत ठेवले. एका पेशीचे भाग होऊन माणसं तयार होतात, हे म्हणायला आणखी कोणता शब्द शोधायचा होता?

मित्राशी वाद अजून चालूच आहे आणि तो मिटवायला मला साक्षी हव्या आहेत. खानदेशात, मराठवाड्यात, विदर्भात, बेळगावकडे तुमच्या घरी दंडाच्या गोळ्याला काय म्हणतात? ड की ट? आणि ती ठोसा मारून 'काढतात' का? शक्य तर आजोबांना विचारा, नातवाला नको. नातू 'बायसेप' म्हणेल.