दूरच्या गावांतील कुटुंबांसाठी नवा उपासनासमूह : आधी माणसे, मग मंदिर

पुणे-नाशिक महामार्गावरील मंचर येथून पश्चिमेस वळले की घोडेगाव आणि डिंभे धरण मागे टाकून रस्ता भीमाशंकरच्या डोंगराकडे चढू लागतो. उत्तरेस जुन्नर तालुका, पश्चिमेस सह्याद्रीचा कडा. नोकरी, शिक्षण वा सेवाकार्यानिमित्त अशा भागात स्थायिक झालेल्या कॅथॉलिक कुटुंबाला प्रत्येक रविवारी पवित्र मिस्साबलिदानासाठी दूरचा प्रवास करणे सोपे नसते. आषाढ-श्रावणातील पावसात तर ते अनेकदा अशक्यच होते. महिन्यातून एकदा, मग नाताळ व पुनरुत्थान सणाला, असे करता करता एखाद्या कुटुंबाचा धर्मग्रामाशी संबंध केवळ बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू एवढ्यापुरताच उरतो. मुलांचे धर्मशिक्षण मागे पडते ते कायमचेच.

अशा वेळी ‘आपल्याकडे चर्च हवे’ असा विचार प्रथम मनात येतो. तो स्वाभाविक आहे. परंतु ख्रिस्तसभेची परंपरा आणि तिचा कायदा या दोहोंचे सांगणे असे की आरंभ इमारतीपासून नव्हे, तर एकत्र येणाऱ्या कुटुंबांपासून होतो.

इतिहास काय सांगतो?

प्रेषितांच्या काळात श्रद्धावंत घरोघरी जमत असत. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी संत पौल प्रिस्का व अक्विला यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीस नमस्कार कळवितो.

आपल्या पुणे जिल्ह्यातही हेच घडले. पेशव्यांच्या सैन्यात चाकरीस असलेले गोव्याकडील कॅथॉलिक शिपाई व अधिकारी पुण्यात राहत होते. त्यांच्या उपासनेसाठी सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ साली जागा दिली. तेथे प्रथम साधीशी वास्तू उभी राहिली. नाना पेठेतील आजचे निष्कलंक मातेचे मंदिर, म्हणजेच ‘सिटी चर्च’, हे त्या समूहाचे फळ होय. समूह आधी होता. जागा नंतर मिळाली आणि पक्की इमारत त्याहूनही पुष्कळ नंतर आली.

जुन्नरच्या पूर्वेस असलेल्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेथे १८७८ पासून जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी केंदळ, वळण अशा खेड्यांतून कार्य सुरू केले. एका धर्मगुरूकडे अनेक गावे असत. त्यामुळे रोजची प्रार्थना, मुलांचे शिक्षण आणि आजाऱ्यांची विचारपूस हा भार गावातील धर्मशिक्षक, म्हणजे ‘मास्तर’, वाहत असे. पहिल्या महायुद्धात जर्मन धर्मगुरूंना स्थानबद्ध करून मायदेशी पाठविण्यात आले. पुणे धर्मप्रांताचे बिशप हेन्री डोरिंग यांनाही दीर्घकाळ परतता आले नाही. मधल्या काळात त्यांनी जपानमधील हिरोशिमा येथे सेवा केली व १९२७ साली ते पुण्यास परत आले. तरीही खेड्यांतील श्रद्धा मावळली नाही. याच जिल्ह्याचा समावेश असलेला नाशिक धर्मप्रांत १५ मे १९८७ रोजी पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला आणि बिशप थॉमस भालेराव त्याचे पहिले बिशप झाले.

ख्रिस्तसभेच्या कायद्यातील पायऱ्या

१९८३ च्या धर्मसभा कायद्यानुसार (कलम ५१५) धर्मग्राम म्हणजे बिशपांच्या अधिकाराखाली एका धर्मगुरूच्या पालकीय सेवेकडे सोपविलेला श्रद्धावंतांचा स्थायी समूह होय. या व्याख्येत इमारतीचा उल्लेख नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. नवे धर्मग्राम स्थापण्याचा अधिकार केवळ बिशपांना असून त्यापूर्वी ते धर्मगुरूंच्या परिषदेचे मत ऐकून घेतात.

समूह अद्याप लहान असल्यास कलम ५१६ अन्वये ‘अर्धधर्मग्राम’ स्थापता येते. तेही शक्य नसल्यास त्या कुटुंबांच्या आध्यात्मिक सेवेची अन्य व्यवस्था बिशपांनी करावयाची असते. म्हणजे पाच-सहा कुटुंबे असली तरी ती ख्रिस्तसभेच्या काळजीबाहेर नाहीत. त्यांनी आपले अस्तित्व कळविले पाहिजे, इतकेच.

आरंभ कसा करावा?

*१. कुटुंबांची नोंद.* परिसरातील कॅथॉलिक कुटुंबांची यादी करावी : सदस्य, मुलांची वये, कोणाचा प्रथम ख्रिस्तशरीर-स्वीकार वा दृढीकरण राहिले आहे, घरी कोणी वृद्ध वा आजारी आहे काय. ही यादी ज्या धर्मग्रामाच्या हद्दीत आपण राहतो तेथील प्रमुख धर्मगुरूंकडे द्यावी. सिरो-मलबार विधीच्या कुटुंबांनी आपल्या कल्याण महाधर्मप्रांताशीही संपर्क ठेवावा.

*२. घरातील सभा.* महिन्यातून एकदा आळीपाळीने एका घरी जमावे. शुभवर्तमानाचे वाचन, थोडे मौन, जपमाळ, एकमेकांच्या गरजांसाठी प्रार्थना एवढे पुरेसे आहे. योग्य कारण असल्यास धर्मगुरू अशा ठिकाणीही मिस्सा अर्पण करू शकतात. जागा मात्र सुयोग्य हवी (कलम ९३२). पवित्र ख्रिस्तशरीर घरात ठेवून घेता येत नाही, हे सर्वांनी जाणून असावे.

*३. धर्मगुरूविना रविवार.* धर्मगुरू येऊ शकत नसतील व मिस्साला जाणे अशक्य असेल तेव्हा प्रभुशब्दविधीत सहभागी व्हावे, अशी कायद्याची आग्रहाची शिफारस आहे (कलम १२४८). याविषयीची मार्गदर्शिका रोमने १९८८ साली प्रसिद्ध केली. त्या रविवारची वाचने व श्रद्धावंतांच्या प्रार्थना हा तिचा गाभा. बिशपांनी नेमलेला प्रापंचिक सेवक ख्रिस्तशरीर वाटू शकतो. प्रवचनाच्या जागी धर्मगुरूंनी पाठविलेले चिंतन वाचावे. हा विधी मिस्साची जागा घेत नाही. तो मिस्साची ओढ जागी ठेवतो.

*४. मुलांचे धर्मशिक्षण.* समूहातील एका-दोघांनी धर्मप्रांताचे प्रशिक्षण घेऊन ही जबाबदारी स्वीकारावी. नगर जिल्ह्यातील ‘मास्तरां’चा वारसा आज अनेक ठिकाणी माता-भगिनी चालवितात.

*५. दफनाचा प्रश्न.* हा विषय दुःखाच्या प्रसंगी प्रथमच पुढे येऊ नये. दफन कोठे होईल हे प्रमुख धर्मगुरू व ग्रामपंचायत यांच्याशी आधीच बोलून ठरवावे.

जागा व बांधकाम

नवे मंदिर बांधण्यास बिशपांची लेखी संमती अनिवार्य आहे (कलम १२१५). त्या मंदिराने श्रद्धावंतांचे आध्यात्मिक हित साधेल आणि बांधकाम व उपासना यांसाठी लागणारी साधने कमी पडणार नाहीत, याची खात्री झाल्यावरच ती मिळते. म्हणून कोणीही उत्साहाच्या भरात स्वतःच्या नावे जमीन घेऊन काम सुरू करू नये.

भीमाशंकर परिसरात ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. आंबेगाव व जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी, ठाकर आदी आदिवासी बांधवांच्या जमिनी आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार (कलम ३६ अ) अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय बिगर-आदिवासींकडे हस्तांतरित होऊ शकत नाही. शिवाय भीमाशंकर अभयारण्याचे १९८५ पासूनचे संरक्षण आहे.

याहून महत्त्वाचे म्हणजे शेजाऱ्यांचा विश्वास. भीमाशंकर हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असून येथील जनजीवनात त्याचे स्थान मोठे आहे. आपण कशासाठी जमतो हे शेजाऱ्यांना मोकळेपणाने सांगावे. श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही सक्ती करता येत नाही, ही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची १९६५ ची शिकवण आहे. जुलै २०१४ मध्ये आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर दरड कोसळून दीडशेहून अधिक माणसे दगावली. अशा डोंगरी मुलखात लहानसा ख्रिस्ती समूहदेखील संकटकाळी धावून जाणारा शेजारी ठरला पाहिजे.

समारोप

मंदिर पुढे बांधता येईल. परंतु आज आठ वर्षांचे असलेले मूल मंदिर बांधून होईपर्यंत थांबत नाही. म्हणून दूरच्या गावांत राहणाऱ्या कुटुंबांनी या महिन्यातच आपल्या प्रमुख धर्मगुरूंना भेटावे, आणि शहरातील धर्मग्रामांनी महिन्यातून एक रविवार अशा एखाद्या समूहासाठी राखून ठेवावा. दोन-तीन घरांचे दिवे एकत्र आले की तेथे ख्रिस्तसभा आहेच; तिला नाव आणि छप्पर यथाकाल मिळेल.