कारखान्यातला निर्णय कोण घेतं? माणूस की ॲप? थेरगाव ते चाकण, सोप्या भाषेत समजून घ्या

थेरगावच्या डांगे चौकात सकाळी उभं राहिलं की दोन प्रकारची गर्दी दिसते. एक हिंजवडीच्या आयटी पार्ककडे निघालेली, दुसरी चिंचवड, भोसरी आणि चाकणच्या एमआयडीसीकडे. कामं वेगळी, पण दोघांच्याही हातात फोन असतो आणि त्या फोनवर आता ऑफिसचं किंवा कंपनीचं कामही चालतं. शिफ्ट संपताना सुपरवायझर म्हणतो, "ॲपवर एन्ट्री टाकून जा." आपण टाकतो आणि निघतो.

ती एन्ट्री पुढे कुठे जाते? तिच्यावरून कच्चा माल किती मागवायचा, ओव्हरटाइम द्यायचा की नाही, कुठलं मशीन दुरुस्तीला काढायचं, असे निर्णय होतात. म्हणजे एन्ट्री चुकली तर निर्णय चुकतो, आणि त्याचा फटका शेवटी कुणाच्या तरी पगाराला किंवा बिलाला बसतो. डिजिटल तंत्रज्ञानाची धंद्यातल्या निर्णयांना आणि एकत्र काम करायला नेमकी काय मदत होते, यावर जगभर बरंच संशोधन झालं आहे. त्यातला एक महत्त्वाचा प्रयोग तर आपल्या महाराष्ट्रातला आहे. चला, समजून घेऊया.

डिजिटल निर्णय-सहाय्य म्हणजे काय?

अर्थतज्ज्ञ हर्बर्ट सायमन यांना १९७८ साली नोबेल मिळालं. माणूस निर्णय घेताना सगळी माहिती, सगळे पर्याय कधीच तपासू शकत नाही, असं त्यांनी मांडलं. वेळ कमी असतो, माहिती अर्धवट असते, म्हणून माणूस "चालेल" असा पर्याय दिसला की थांबतो. कम्प्युटरची मदत इथेच होते. तो जास्त माहिती लवकर गोळा करतो आणि नीट मांडून दाखवतो. निर्णय मात्र माणसाचाच राहतो.

या मदतीच्या साधारण चार पायऱ्या मानल्या जातात:

१. काय झालं? उदाहरणार्थ, काल दुसऱ्या शिफ्टमध्ये ४० पार्ट रिजेक्ट झाले.
२. का झालं? रिजेक्शन एकाच सीएनसी मशीनवर आणि टूल बदलायच्या आधीच्या तासातच जास्त आहे.
३. पुढे काय होईल? टूल याच वेगाने झिजलं तर उद्या दुपारी पुन्हा तोच त्रास होणार.
४. मग काय करावं? टूल एक तास आधी बदला.

मजेची गोष्ट म्हणजे अनेक छोट्या कारखान्यांत पहिली पायरीच कच्ची असते. आकडे वहीत असतात, वही कपाटात असते आणि कपाटाची चावी मालकाकडे असते. पहिली पायरी पक्की नसताना थेट चौथीवर उडी मारली, म्हणजे महागडं एआय विकत घेतलं, तर उपयोग होत नाही.

एक आकडा, तीन गोष्टी: ओईई

कारखान्यात काम करणाऱ्यांनी "ओईई" हा शब्द ऐकला असेल. मशीनचा खरा उपयोग किती झाला, हे तो सांगतो. सूत्र सोपं आहे: मशीन किती वेळ चाललं × किती वेगाने चाललं × किती पार्ट चांगले निघाले.

समजा शिफ्ट ४८० मिनिटांची आहे आणि मशीन ४०० मिनिटं चाललं, म्हणजे सुमारे ८३ टक्के. वेग ठरलेल्याच्या ९० टक्के होता आणि चांगले पार्ट ९५ टक्के. तिन्हींचा गुणाकार केला की ओईई येतो सुमारे ७१ टक्के. एकेक आकडा बघितला तर तसा ठीक वाटतो, पण जवळपास तीस टक्के क्षमता वाया गेलेली आहे. तीही कुठे गेली ते कळतं, कारण सगळ्यात लहान आकडा मशीन बंद राहण्याचा आहे. म्हणजे आधी वेग वाढवायच्या मागे न लागता मशीन का थांबतं ते बघायला हवं.

संशोधन काय सांगतं? तारापूरचा प्रयोग

आता महाराष्ट्रातला तो प्रयोग. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईजवळच्या तारापूर आणि उंबरगाव भागातल्या कापड कारखान्यांचा अभ्यास केला. तारापूर आपल्या पालघर जिल्ह्यात, तर उंबरगाव सीमेपलीकडे गुजरातमध्ये. १७ कंपन्यांचे २८ कारखाने त्यात होते. काही कारखान्यांना पाच महिने मोफत सल्लागार दिले. बाकीच्यांना फक्त एक महिना पाहणी करून दिली, म्हणजे तुलना करता येईल.

सल्लागारांनी नवीन मशीन आणली नाहीत. त्यांनी ३८ साध्या सवयी लावायचा प्रयत्न केला: दोषांची रोज नोंद, त्या नोंदींचं विश्लेषण, मशीन बंद पडल्याची कारणं लिहिणं, गोदामातल्या मालाचा हिशोब, ठरलेल्या वेळी छोटी मीटिंग. निकाल २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्याच वर्षी या कारखान्यांची उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली.

आपल्या विषयासाठी दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक, या कारखान्यांत कम्प्युटरचा वापर वाढला. पण तो आधी आला आणि सुधारणा नंतर, असं झालं नाही. नोंदी ठेवायची आणि वापरायची गरज निर्माण झाली, म्हणून कम्प्युटर कामाला लागला. दोन, मालक मॅनेजरला जास्त निर्णय घेऊ द्यायला लागले. कारखान्यात काय चाललंय ते आकड्यांत दिसायला लागलं, की प्रत्येक गोष्ट स्वतः बघायची गरज उरत नाही.

अभ्यासकांनी आठ-नऊ वर्षांनी पुन्हा जाऊन पाहिलं. नव्या सवयींपैकी साधारण अर्ध्या सुटल्या होत्या. तरीही ज्यांना सल्ला मिळाला ते कारखाने बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे होते. म्हणजे फायदा टिकतो, पण आपोआप टिकत नाही.

अमेरिकेतही असाच कल दिसला. २०११ मध्ये एरिक ब्रिन्योल्फसन आणि सहकाऱ्यांनी १७९ मोठ्या कंपन्या तपासल्या. आकड्यांच्या आधारे निर्णय घेणाऱ्या कंपन्यांचं उत्पादन, त्यांच्या बाकी गुंतवणुकीवरून जेवढं अपेक्षित होतं त्यापेक्षा ५ ते ६ टक्के जास्त होतं.

एकाला दिसतं, दुसऱ्याला नाही: बुलव्हिप इफेक्ट

आतापर्यंत एका कारखान्याच्या आतलं बोललो. पण गाडी एका कारखान्यात बनत नाही. चाकणच्या वाहन कंपनीला भोसरीचा पुरवठादार पार्ट देतो आणि त्या पुरवठादाराला एखादं छोटं वर्कशॉप जॉबवर्क करून देतं. इथे एक जुना रोग आहे.

समजा, वाहन कंपनीची गरज आठवड्याला १,००० पार्टवरून १,१०० झाली. पुरवठादार म्हणतो, मागणी वाढतेय, हाताशी थोडे जास्त असू देत. तो १,२०० सांगतो. वर्कशॉपवाला त्याच हिशोबाने १,४०० पार्टचा कच्चा माल भरतो. पुढच्या आठवड्यात मागणी परत १,००० वर येते. मोठ्या कंपनीला काहीच फरक पडला नाही, पण वर्कशॉपवाल्याचे पैसे लोखंडात अडकले. चाबूक हातात थोडासा हलवला तरी टोकाला जोरात फटका बसतो, तसंच हे. म्हणून नाव "बुलव्हिप", म्हणजे चाबूक.

जे फॉरेस्टर यांनी १९६१ मध्ये हे चढउतार मांडले होते. १९९७ मध्ये हाऊ ली आणि सहकाऱ्यांनी त्याची कारणं उलगडली. त्यांचं गाजलेलं उदाहरण लहान मुलांच्या डायपरचं आहे. बाळं तर रोज जवळपास सारखेच डायपर वापरतात, तरी कंपनीकडे येणाऱ्या ऑर्डर मात्र खूप वरखाली होत होत्या. कारण प्रत्येक जण ग्राहकाची खरी मागणी न बघता फक्त पुढच्याची ऑर्डर बघत होता.

कोविडनंतर हाच प्रकार चिपच्या बाबतीत झाला. २०२० मध्ये जगभरच्या वाहन कंपन्यांनी चिपच्या ऑर्डर कमी केल्या आणि मागणी परतली तेव्हा चिप मिळेनात. सप्टेंबर २०२१ मध्ये महिंद्राने याच कारणाने आपल्या वाहन विभागात सुमारे सात दिवस उत्पादन बंद राहील असं जाहीर केलं होतं. चाकणला महिंद्राचा मोठा कारखाना आहे. लाइन थांबली की मागच्या सगळ्या पुरवठादारांचं डिस्पॅच थांबतं.

यावर डिजिटल उपाय म्हणजे सगळ्या साखळीला एकच आकडा दिसणं. पुरवठादाराला वाहन कंपनीच्या पोर्टलवर पुढच्या काही आठवड्यांचं वेळापत्रक दिसतं, ईआरपीमधून तेच पुढे जातं. पण अनेकदा ही साखळी मधेच तुटते. मोठ्या पुरवठादाराला पोर्टल दिसतं आणि छोट्या वर्कशॉपला फक्त फोन येतो: "उद्या माल पाहिजे." ज्याच्यावर सगळ्यात मोठा फटका बसतो, त्याच्याकडेच सगळ्यात कमी माहिती असते.

एकत्र काम: व्हॉट्सॲप ग्रुप पुरेसा आहे का?

छोट्या कारखान्यांत सगळा समन्वय व्हॉट्सॲपवर चालतो. वाईट काही नाही, पटकन होतं. पण दोन अडचणी आहेत. ड्रॉइंगची नवी रिव्हिजन ग्रुपवर आली आणि खाली दोनशे मेसेज पडले, की ऑपरेटर जुनंच ड्रॉइंग उघडतो आणि अख्खा लॉट रिजेक्ट होतो. दुसरं, "झालं" असा मेसेज आला म्हणजे नक्की काय झालं, किती झालं, ते कळत नाही. म्हणून बोलणं ग्रुपवर आणि आकडे शेअर केलेल्या शीटमध्ये, अशी विभागणी बरी.

१९८८ मध्ये जोनाथन ग्रुडिन यांनी अशी एकत्र कामाची सॉफ्टवेअर का फसतात ते शोधलं. त्यांचं एक कारण आजही तंतोतंत लागू पडतं: एन्ट्रीची मेहनत एकाची आणि फायदा दुसऱ्याचा. ऑपरेटर रोज दहा मिनिटं ॲप भरतो, चार्ट मॅनेजरच्या मीटिंगमध्ये दिसतो आणि ऑपरेटरच्या मशीनचा बिघाड तसाच राहतो. मग ऑपरेटर शिफ्टच्या शेवटी अंदाजे आकडे टाकून मोकळा होतो. चूक त्याची नाही, व्यवस्थेची आहे.

हिंजवडीवाल्यांसाठीही एक गोष्ट. मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या ६१,१८२ कर्मचाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं की २०२० मध्ये सगळे घरून काम करायला लागल्यावर लोकांचा संपर्क आपापल्या टीमपुरता आक्रसला. वेगवेगळ्या टीममधले दुवे कमी झाले. ॲप सगळ्यांकडे होतं, तरीही!

बिलाचे पैसे: ट्रेड्स कसं चालतं?

छोट्या उद्योजकाचा सगळ्यात अवघड प्रश्न म्हणजे अडकलेलं पेमेंट. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार असला तरी पात्र सूक्ष्म-लघु पुरवठादाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज लागतं. पण मोठ्या ग्राहकाशी भांडणार कोण?

यासाठी रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये "ट्रेड्स" या ऑनलाइन व्यवस्थेची मार्गदर्शक तत्त्वं आणली. काम असं चालतं:

• पुरवठादार बिल प्लॅटफॉर्मवर टाकतो.
• खरेदीदार कंपनी "हो, हे बिल बरोबर आहे" अशी मान्यता देते.
• बँका आणि वित्तसंस्था त्या बिलावर बोली लावतात.
• पुरवठादार सगळ्यात परवडणारी बोली निवडतो आणि थोडं व्याज कापून पैसे लगेच मिळतात.
• मुदतीला खरेदीदार कंपनी थेट बँकेला पैसे देते. तिने दिले नाहीत तर बँक पुरवठादाराकडे मागत नाही.

आरएक्सआयएल, इन्व्हॉइसमार्ट आणि एमवनएक्सचेंज हे यातले प्लॅटफॉर्म. नोव्हेंबर २०२४ च्या अधिसूचनेनुसार २५० कोटींपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना इथे नोंदणी बंधनकारक आहे. पुरवठादाराकडे उद्यम नोंदणी हवी. ती सरकारी पोर्टलवर मोफत होते, एजंटला पैसे द्यायची गरज नाही. इथेही तत्त्व तेच: पुरवठादार, कंपनी आणि बँक, तिघांना एकच मान्य झालेला आकडा दिसतो, म्हणून बँकेला निर्णय घेता येतो.

तुम्ही काय करू शकता?

• एन्ट्री काम झाल्याझाल्या टाका. शिफ्टच्या शेवटी आठवून टाकलेला आकडा म्हणजे अंदाजच.
• मशीन थांबलं तर नुसतं "बंद" लिहू नका. टूल, वीज, माल नाही, सेटर नाही, असं कारण लिहा.
• ड्रॉइंगवरचा रिव्हिजन नंबर बघितल्याशिवाय जॉब लावू नका.
• "या आकड्याचं पुढे काय होतं?" हे सुपरवायझरला नक्की विचारा.
• घरचं वर्कशॉप असेल तर आधी तीनच गोष्टी शीटमध्ये ठेवा: रोजचं रिजेक्शन, शिल्लक माल आणि येणं बाकी.

नेहमीचे प्रश्न

महागडं ईआरपी घ्यावंच लागतं का?
नाही. तारापूरच्या कारखान्यांत सुरुवात नोंदी आणि रोजच्या मीटिंगपासून झाली. सवय लागली आणि शीट अपुरी पडायला लागली, की मग सॉफ्टवेअरचा विचार करा.

कंपनीचं ड्रॉइंग माझ्या फोनमध्ये ठेवलं तर चालेल?
कंपनीची परवानगी असेल तरच. ड्रॉइंग बहुतेक वेळा ग्राहकाच्या मालकीचं असतं आणि ते बाहेर गेलं तर पुरवठादाराची ऑर्डर जाऊ शकते.

ॲपमधले आकडे ऑपरेटरवर नजर ठेवायला वापरतात का?
वापरले जाऊ शकतात, आणि तसं झालं की लोक खरे आकडे टाकायचं थांबवतात. म्हणून आकडे कशासाठी गोळा होतात ते आधीच स्पष्ट सांगणं मालकाच्याही फायद्याचं आहे. बिघाड कळवणाऱ्यालाच दंड झाला, तर पुढचा बिघाड लाइन थांबल्यावरच कळेल.