मुक्तिसदनातील शास्त्रवाचन: पंडिता रमाबाई आणि त्यांचे मराठी बायबल

ख्रिस्ती परंपरेत मंडळीचे, म्हणजे एका ठिकाणच्या श्रद्धावंतांच्या समुदायाचे, आत्मिक आरोग्य तिच्या शास्त्रवाचनावरून जोखण्याची रीत जुनी आहे. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेने बायबल लॅटिनच्या बंदिस्त आवारातून जर्मन, इंग्रजी यांसारख्या लोकभाषांत आणले, आणि त्यानंतर प्रॉटेस्टंट देशांत मंडळ्यांना जेव्हा जेव्हा मरगळ आली तेव्हा तेव्हा सुधारकांनी लोकांना पुन्हा त्याच ग्रंथाकडे वळवले. अशा जागृतीला मराठी ख्रिस्ती ‘संजीवन’ म्हणतात. महाराष्ट्रात शास्त्र आणि संजीवन यांच्या नात्याची खरी परीक्षा विसाव्या शतकाच्या आरंभी पुणे जिल्ह्यातील केडगावी झाली, आणि ती घडवून आणणारी स्त्री पुराणिकांच्या घरात वाढलेली होती, ही गोष्ट या इतिहासात दुय्यम मानता येत नाही.

मराठीत ख्रिस्ती शास्त्र तोवर अनेक रूपांनी आलेले होते. गोव्यातील इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. ओवीबद्ध मराठीतील ती बायबलकथा होती, बायबलचे भाषांतर नव्हते. भाषांतराचा उद्योग बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांनी पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साहाय्याने सुरू केला आणि तेथून 1811 मध्ये मराठी नवा करार निघाला. 1813 मध्ये मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनने हेच काम स्वतंत्रपणे हाती घेतले व 1826 पर्यंत नवा करार पूर्ण केला. पुढच्या काळात संपूर्ण बायबल, त्याच्या सुधारित आवृत्त्या आणि बाबा पदमनजी यांच्यासारख्या लेखकांचे धर्मवाङ्मय यांची त्यात भर पडली. एकोणिसावे शतक संपताना मराठीत बायबल नव्हते असे म्हणता येणार नाही. ते कोणाला वाचता येत होते आणि वाचून कळत होते, हा प्रश्न मात्र उरलाच होता.

रमाबाईंच्या आयुष्यात हा प्रश्न ख्रिस्ती होण्याच्या कितीतरी आधीपासूनचा होता. 1858 मध्ये जन्मलेल्या रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी रूढी मोडून पत्नीला संस्कृत शिकवले, आणि आईने ते मुलीला दिले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडून पुराणे सांगे. पुराणिक देवळात किंवा घाटावर मूळ संस्कृत ग्रंथ मोठ्याने वाचीत, त्याचा अर्थ लोकभाषेत सांगण्याची तसदी सहसा घेत नसत, आणि ऐकणाऱ्यांना शब्द कळला नाही तरी श्रवणाचे पुण्य लाभते अशी दोन्ही बाजूंची समजूत असे, असे रमाबाईंनी आपल्या आत्मनिवेदनात पुढे नमूद केले आहे. शास्त्र कानावर पडते पण जाणिवेपर्यंत पोहोचत नाही, ही अवस्था त्यांनी आतून पाहिली होती. 1878 मध्ये कलकत्त्यात त्यांच्या विद्वत्तेचा गौरव झाला, ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हाती वेदाची प्रत देऊन ती वाचण्याचा आग्रह धरला, आणि धर्मशास्त्रांचा अभ्यास करताना स्त्रियांविषयी त्यांत काय म्हटले आहे हे त्यांना प्रथमच नीट उमगले. विवाहानंतर सिल्चर येथे पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांना बंगाली भाषेतील लूकचे शुभवर्तमान सापडले. ख्रिस्ती शास्त्राशी त्यांची गाठ पडली ती अशी, एका सुट्या पुस्तिकेच्या रूपाने.

1883 मध्ये इंग्लंडमधील वॉन्टेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, परंतु त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार वाचला की त्यांची निष्ठा कोठे होती हे दिसते. चर्चच्या परंपरेने ठरवलेली श्रद्धासूत्रे केवळ अधिकाराच्या बळावर मान्य करण्यास त्या तयार नव्हत्या. बायबलमध्ये जे स्वतःला आढळेल तेच पत्करण्याचा त्यांचा हट्ट होता. या हट्टाला अनेकांनी अहंकार म्हटले. पुराणिकाच्या मुलीला अर्थावाचून आलेले शास्त्र दुसऱ्यांदा स्वीकारायचे नव्हते, असा त्याचा उलगडा अधिक पटण्यासारखा आहे. पुढे त्यांनी स्वतःविषयीही तितकेच कठोर विधान केले: बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि ती उणीव भरून निघायला सुमारे आठ वर्षे लागली.

हीच उणीव त्यांना भारतात परतल्यावर केडगावी स्वतः उभारलेल्या मुक्तिसदन या आश्रमात मोठ्या प्रमाणावर दिसली असावी. 1896–97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून त्यांनी शेकडो मुली व विधवा तेथे आणल्या आणि वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. त्यांतील बहुतेकींना अन्न व आश्रय मिळाला, अक्षरओळख मिळाली, पुष्कळजणींनी बाप्तिस्माही घेतला. परंतु भुकेने आणलेली मंडळी श्रद्धेने उभी आहे असे गृहीत धरणे रमाबाईंना शक्य नव्हते. वेल्समधील 1904 च्या संजीवनाच्या वार्ता येत असतानाच 1905 च्या आरंभी त्यांनी मुलींचे प्रार्थनागट नेमले, आणि जूनअखेर सदनात अशी लाट उठली की पापकबुली, रडणे, एकाच वेळी मोठ्याने केलेल्या प्रार्थना यांनी नित्याचे व्यवहार थांबले. काही मिशनऱ्यांना हा उन्माद वाटला. रमाबाईंनी सदनाच्या पत्रकातून उत्तर दिले की, भारतीय ख्रिस्ती स्त्रियांनी आपली भक्ती पाश्चात्त्य शिष्टाचाराच्या मापात का बसवावी. त्यांच्या सहकारी मिनी एब्राम्स यांनी या अनुभवावर लिहिलेली पुस्तिका 1906 मध्ये निघाली, देशोदेशी पोहोचली, आणि पेंटेकॉस्टल पंथाच्या, म्हणजे पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणाऱ्या प्रवाहाच्या, इतिहासात केडगावचे नाव त्यामुळे कायमचे नोंदले गेले.

संजीवनाच्या बहुतेक वृत्तांतांत कथा येथेच थांबते, आणि हे त्यांचे मोठे वैगुण्य आहे. लाट उसळत असताना रमाबाईंनी जे दीर्घ काम अंगावर घेतले ते बायबलच्या नव्या भाषांतराचे होते. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर असून नुकत्याच वाचायला शिकलेल्या खेड्यातल्या बाईच्या गळी उतरत नाही, अशी त्यांची तक्रार होती. स्वतः संस्कृतच्या पंडिता असलेल्या बाईने संस्कृत शब्दांना कात्री लावावी, यात त्यांच्या बालपणीच्या देवळांतील वाचनाला दिलेले उत्तर दिसते. त्यासाठी मध्यमवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या बायबलच्या मूळ भाषांचा अभ्यास केला. भावनेचा पूर ओसरल्यावर मंडळीत काय उरावे, याविषयीचा त्यांचा विचार या निवडीत स्पष्ट होतो: प्रार्थनागटांतून गावोगाव जाणाऱ्या मुलींना स्वतःचा अनुभव ताडून पाहण्यासाठी हाताशी समजेल असा ग्रंथ हवा होता.

नवा करार आधी बाहेर पडला. जुन्या कराराचे काम पुढे वर्षानुवर्षे चालले. 1921 मध्ये कन्या मनोरमा यांचा मृत्यू झाला, तरी काम थांबले नाही, आणि 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई वारल्या तेव्हा भाषांतर पुरे झालेले होते. सदनाच्या स्वतःच्या छापखान्यात संपूर्ण बायबल 1924 मध्ये छापून निघाले. खिळे जुळवणे, छपाई, बांधणी ही कामे तेथील स्त्रिया करीत. संपूर्ण बायबल भाषांतरित करणारी जगातील पहिली स्त्री म्हणून रमाबाईंचा उल्लेख कधीकधी होतो तो बरोबर नाही, कारण अमेरिकेतील ज्युलिया स्मिथ यांचे इंग्रजी भाषांतर 1876 मध्येच प्रसिद्ध झाले होते. पण ज्या स्त्रियांसाठी ग्रंथ लिहिला त्यांच्याच हातून तो छापून घेण्याचे उदाहरण दुसरे आढळणे कठीण आहे.

या भाषांतराचे भाग्य मात्र त्याच्या हेतूशी जुळले नाही. मूळ भाषांतील शब्दाशी इमान राखण्याचा आग्रह आणि सोपी मराठी लिहिण्याचा आग्रह यांची ओढाताण त्यात जागोजाग जाणवते, वाक्ये कधी हिब्रूच्या वळणाने अडखळतात, आणि ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक यांच्या अभंगांना मराठी मंडळ्यांत जे स्थान मिळाले ते या गद्याला मिळाले नाही. उपासनेत बायबल सोसायटीचीच आवृत्ती राहिली. 1905 ची वार्ता इंग्रजीतून जगभर गेली. तिच्या पाठोपाठ झालेले सतरा वर्षांचे काम मराठीत असल्याने परदेशी इतिहासकारांना फारसे वाचता आले नाही, आणि ते ख्रिस्ती धर्मशास्त्र असल्याने मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांनी त्याकडे फारसे पाहिले नाही.