शेंबी ते रबरी बूट : काठीच्या टोकाचा इतिहास

मंडळी, आज राजकारण नाही. आज वॉकरच्या पायातल्या रबराबद्दल लिहितोय. हसू नका. घरातलं म्हातारं माणूस पडलं आणि खुबा मोडला की अख्खं घर त्या खाटेभोवती फिरतं, हे आपण गल्लोगल्ली बघतो. पडायला कारणं बरीच असतात. डोळे, बीपीची गोळी, न्हाणीतलं शेवाळ. पण एक कारण अगदी किरकोळ किमतीचं असतं आणि नेमकं त्याच्याकडंच कुणी वाकून बघत नाही.

या वस्तूला आपल्या भाषेत जुना शब्द आहे, शेंबी. मुसळाच्या तोंडाला लोखंडी कडं बसवतात ती शेंबी आणि काठीच्या टोकाला बसवतात तीही शेंबी. लाकूड फाटू नये, झिजू नये, एवढंच तिचं काम. घसरण थांबवायचं काम तिच्याकडं नव्हतंच, कारण ते जमीनच करायची. आपली घरं दगडमातीची, खाली शेणानं सारवलेली भुई, बाहेर मातीची वाट. टोक जरा रुतायचं आणि काठी धरून राहायची. पंचाईत व्हायची ती शहाबादी फरशीवर. लोखंड आणि गुळगुळीत दगड, त्यात पाणी सांडलेलं, म्हणजे संपलंच.

रबर आलं ते लांबून. कच्चं रबर उन्हात चिकट होतं आणि थंडीत कडक पडतं. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला गंधक आणि उष्णता देऊन ते टिकाऊ करायची रीत सापडली, १८४४ ला पेटंट मिळालं. त्यानंतर टायर आले, बूट आले आणि काठीच्या, कुबडीच्या टोकालाही रबर आलं. चार पायांचा वॉकर मात्र बराच नवा. इंग्लंडमधल्या स्ट्रेटफर्डच्या विल्यम रॉबनं १९४९ मध्ये त्याचा अर्ज केला, अमेरिकेचं पेटंट १९५३ चं. आपल्याकडं लेकरांना चालायला शिकवणारा पांगुळगाडा होता. मोठ्या माणसाला काठी, नाहीतर नातवाचा खांदा.

आपल्या जिल्ह्यात जमीन बदलली ती एका पहाटेनंतर. ३० सप्टेंबर १९९३. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. जवळपास दहा हजार माणसं गेली आणि हजारो जखमी झाली. नंतर नव्या जागी सिमेंटची घरं उभी राहिली. ज्यांची गावं वाचली त्यांनीही माळवदाच्या घरांची धास्ती घेतली. पुढं फरशी गेली, चकचकीत टाइल्स आल्या आणि गल्लीत काँक्रीट आलं. त्या रात्री जे चाळिशीत होते ते आता सत्तरी ओलांडून गेलेत. म्हणजे घरात निसरडं, दारात खरखरीत. टाइलवर रबरानं घट्ट धरावं लागतं आणि काँक्रीटवर तेच रबर कानशीनं घासल्यासारखं झिजतं. एकाच बुटाला दोन्ही कामं.

टिकाऊ पायाचा प्रश्न आपल्या देशात एकदा फार हुशारीनं सुटलाय. १९६८ च्या सुमारास जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जयपूर फूट केला. परदेशी कृत्रिम पाय बुटात घालायचे होते. आपला माणूस अनवाणी चालणार, उकिडवा बसणार, चिखलात जाणार. शर्मांना उपाय सापडला तो ट्रकचे टायर रिमोल्ड करणाऱ्याकडं, अशी हकीकत सांगतात. आपल्या हायवेवरचं टायरचं दुकान बघून असं काही सुचेल का कुणाला? सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्मांचं नाव लोकांना तेवढं माहीत नाही, ही नेहमीचीच गोष्ट.

टायर काळा का असतो? रबरात काजळी मिसळलेली असते, त्यानं झीज फार कमी होते. वॉकरच्या काळ्या बुटांचंही तेच. टाइलवर काळे ओरखडे उठतात म्हणून सुना-लेकी करडे बूट मागतात, ते बरेचदा लवकर झिजतात. ओरखडे पुसता येतात हो! साधं प्लास्टिकसारखं कडक बूच तर घेऊच नका, ते घासत नाही पण घसरतं. काही जण टेनिस बॉल चिरून बसवतात. परदेशात ते पुढं चाकं असलेल्या वॉकरच्या फक्त मागच्या पायांना लावतात, तो सरकावा म्हणून. उचलून ठेवायच्या वॉकरला चारही पायांत बॉल म्हणजे पडायचीच सोय.

आणखी एक गोष्ट. बूट खालून झिजतो तसा आतून कापलाही जातो. अ‍ॅल्युमिनियमच्या पाइपची धार वजनानं रबरात शिरते आणि एक दिवस आरपार बाहेर येते. म्हणून चांगल्या बुटात तळाशी लोखंडी चकती असते. बोट घालून बघा, लागते. अशा टोकांच्या पकडीची चाचणी कशी घ्यायची याचं आंतरराष्ट्रीय मानकसुद्धा आहे, आयएसओ २४४१५.

आता योजनेचं. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या पात्र माणसाला एकदाच ३,००० रुपये खात्यावर मिळतात, साहित्याच्या यादीत फोल्डिंग वॉकर आहे. एकदाच. रबर मात्र पुन्हा पुन्हा झिजणार. माझं म्हणणं, ग्रामपंचायतीचा दिव्यांगांसाठीचा ५ टक्के निधी असतो, त्यातून आशाताईंकडं किंवा उपकेंद्रात चार-सहा जोड ठेवायला काय हरकत आहे? ग्रामसभेत विषय मांडा, मी बातमी लावतो.

तोवर आज संध्याकाळी घरातला वॉकर उलटा करा. तळाच्या रेघा पुसल्या असतील तर चारही बूट एकदमच बदला, एकच बदलला तर वॉकर डुगडुगतो. दुकानात जाताना जुना बूट खिशात न्या, पाइपची जाडी सगळ्यांची सारखी नसते.