वर्षाच्या बाळाला काय द्यायचं?

गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत हप्ते, व्याज सगळं बाजूला राहिलं आणि तासभर वाद चालला तो एका बाळाच्या भेटीवरून. गटातल्या एकीची धाकटी लेक वर्षाची होतेय. आम्ही १२ जणी. प्रत्येकीने ५० रुपये काढले, ६०० जमले. आता ६०० रुपयांत काय येतं? एक म्हणाली, चांदीचे वाळे. चांदीचा भाव आठवून तीच गप्प बसली. दुसरीला झालरीचा फ्रॉक घ्यायचा होता, तिसरीला सेलवर गाणारी मोटार. तेवढ्यात आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या काकू हसून म्हणाल्या, "अगं, आमच्या वेळी पहिला वाढदिवस कुणी केला? आम्हाला जन्मतारीखच नव्हती. मी झाले तेव्हा ज्वारी खळ्यावर होती, एवढंच आई सांगायची."

मग आम्ही म्हटलं, आधी जुन्या बायका बाळाला काय देत होत्या आणि का देत होत्या, ते तरी बघू. आजचं बोलणं त्यावरच.

केक कापायचा वाढदिवस आपल्याकडे अलीकडचा. काही घरांत तिथीने वाढदिवस करत, मार्कंडेयाची पूजा करून तीळगूळ घातलेलं दूध बाळाला देत. पण बहुतेक घरांत वर्षाच्या मुक्कामाला एक दिवस नसायचा, वाटेत चार-पाच टप्पे असायचे. बाराव्या दिवशी बारसं. दात यायच्या सुमाराला उष्टावण, तेव्हा मामाने सोन्याच्या अंगठीने खीर चाटवायची. पहिल्या संक्रांतीला काळं झबलं, हलव्याचे दागिने आणि डोक्यावरून बोरं-चुरमुरे ओतून बोरन्हाण. मग जावळ. आणि प्रत्येक टप्प्याला काही ना काही देणं.

हे टप्पे एवढे जवळजवळ का, याचा विचार आम्ही कधी केला नव्हता. काकूंनी तो एका वाक्यात सांगितला: "पुढच्या टप्प्याचा भरवसा नव्हता." आकडे हेच सांगतात. १९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या दर १,००० बाळांपैकी १२९ बाळं पहिला वाढदिवस बघत नव्हती. म्हणजे आठांत एक. त्याआधीच्या काळात तर याहून जास्त. २०२० साली हाच आकडा देशात २८ आणि महाराष्ट्रात १६ होता. आजीच्या पिढीतल्या बाईला "मुलं किती?" विचारा, ती "झाली सात, राहिली चार" असं सांगते. दोन आकडे एका दमात.

तेव्हा बाळाला दिलेली जवळजवळ प्रत्येक वस्तू राखण करायला होती. मनगटात काळे मणी, कमरेला करदोटा, गालाला तीट. एकामागून एक मुलं दगावली, की पुढच्याला मुद्दाम वाईट नाव ठेवायचं: धोंडू, दगडू, केरू, भिकू. दगडाला कोण नेणार, केराकडे कोण बघणार, असा हिशोब. त्याचं नाक टोचायचं. पाच घरी जुनं कापड मागायचं आणि त्याचंच आंगडं शिवायचं, म्हणजे बाळ एकट्या आईचं राहत नाही, पाच घरांचं होतं. आम्हाला हे आधी अडाणीपणाचं वाटायचं. आता वाटतं, औषध नव्हतं तेव्हा बायकांच्या हातात जेवढं होतं तेवढं त्यांनी केलं.

औषध आलं तेही बाळाच्याच दंडातून. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली. हिंदुस्थानात ही लस पहिल्यांदा लागू झाली ती तिला, आणि तिच्या फोडातली लस पुढे इतरांना दिली गेली. रोगाला आपण देवी म्हणायचो, म्हणून टोचण्यालाही "देवी काढणं" म्हणू लागलो. पण गावोगाव पोचायला दीडशे वर्षांहून जास्त गेली. १९७५ साली देवीचा शेवटचा रोगी सापडला. ज्यांच्या दंडावर तो गोल व्रण आहे, त्या बायका आज पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे आहेत. आमच्या बैठकीत पदर बाजूला करून करून व्रण दाखवले गेले आणि बराच वेळ त्यातच गेला, ते असो.

आता वाळ्यांकडे येऊ, कारण वाद तिथून सुरू झाला. बाळंतविड्यात माहेरून झबली, टोपडी, कुंची, दुपटी यायची आणि ऐपत असली तर चांदीचे वाळे, बिंदल्या, साखळी. वाळ्याला घुंगरू असायचं, म्हणजे आई चुलीपुढे असली तरी रांगतं पोर कुठं पोचलं ते कानाला कळावं. पण चांदीचं खरं काम दुसरं होतं. शेती नवऱ्याच्या नावावर, घर सासऱ्याच्या नावावर, आणि बाळाच्या अंगावरची चांदी माहेरची. अडल्या वेळी पहिली तीच निघायची. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनच्या घराघरांतली चांदी वितळायला मुंबईच्या टांकसाळीत गेली. १९७२ ला काकू स्वतः खडी फोडायला होत्या. थोरल्या मुलाचे वाळे त्यांनी तालुक्याला सोनाराकडे मोडले आणि त्याचे ज्वारीचे दोन पोते आणले. "पोराने वाळे खाल्ले," असं त्या अजून म्हणतात. हसतात, पण वाळ्याचा विषय निघाला की डाव्या हाताने उजवं मनगट चोळतात.

म्हणजे वाळे ही बाळाची बँक होती. हे ध्यानात आल्यावर आमच्यातली एक म्हणाली, मग आता बँकच देऊ. मुलगी आहे, सुकन्या समृद्धीचं खातं काढू. २०१५ साली ही योजना सुरू झाली. दहा वर्षांच्या आतल्या मुलीचं खातं पोस्टात निघतं, वर्षाला किमान २५० रुपये भरावे लागतात. खातं आईबापांनाच काढता येतं, गटाला नाही; पण पहिला भरणा गटाने द्यायला कोण अडवतंय? सगळ्यांना पटलं. आम्ही तिच्या आईला म्हटलं, जन्माचा दाखला घेऊन ये.

दाखला आला. त्यावर तारीख होती, आईचं नाव होतं, बापाचं होतं. बाळाच्या नावाची जागा कोरी.

बैठक एकदम शांत झाली. आई खाली बघून म्हणाली, "दुसरीपण मुलगीच झाली. बारसं राहिलंच. घरात बाळी म्हणतात."

जुन्या कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या वहीत, पुष्कळ नोंदी अशाच सापडतात: बापाचं नाव, आणि पुढे नुसतं "मुलगी". त्या बायका जगल्या, संसार केले, आणि वहीत बिननावाच्या राहिल्या. काहींना नाव मिळालं ते त्याहून वाईट. सातारा जिल्ह्यात २२ ऑक्टोबर २०११ रोजी एका कार्यक्रमात २८५ मुलींची नावं बदलली. त्यांचं आधीचं नाव नकुशी. धोंडू नाव ठेवणाऱ्या आईला मूल राहायला हवं होतं. नकुशी नाव ठेवणाऱ्या घराला पुढची मुलगी यायला नको होती. दोन्ही नावं ऐकायला सारखीच वाईट, पण आमच्या मते त्यांच्यात जमीनअस्मानाचं अंतर आहे.

१९६९ च्या कायद्याने जन्माची नोंद सगळ्यांना बंधनकारक झाली. नोंद २१ दिवसांत करायची. नाव ठरलं नसेल तर नाव न घालताही नोंद होते, आणि नोंद झाल्यापासून १२ महिन्यांच्या आत ते फुकट घालता येतं. पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळा, आधार, नोकरी सगळीकडे जन्माचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो. तेव्हा मैत्रिणींनो, आजच्या आज घरातले दाखले काढून बघा. बाळ जिथं जन्मलं तिथल्या कार्यालयात जावं लागतं. बाळंतपण तालुक्याला झालं असेल तर गावच्या ग्रामपंचायतीत ते काम होत नाही. आमचा एक हेलपाटा याच पायी वाया गेला.

बाळीची मुदत संपायला २३ दिवस होते. आम्ही चौघी तिच्या सासूबाईंकडे गेलो. भांडायला नाही, आत्याबाई, बारसं राहिलंय, पाळणा आम्ही आणतो, असं म्हणायला. पहिल्या दिवशी चहाही मिळाला नाही. दुसऱ्या वेळी काकू सोबत आल्या आणि दोघी म्हाताऱ्या खडी फोडायच्या दिवसांवर बोलत बसल्या. उठताना सासूबाई म्हणाल्या, "नाव मी सांगीन." आम्ही म्हटलं, तुमचाच मान.

नाव त्यांनी आपल्या आईचं दिलं. परवा बापाने अर्ज भरला, नवा दाखला या आठवड्यात मिळेल. ६०० रुपयांतले २५० पोस्टात जातील. ५० चे पेढे. उरलेल्या पैशांत दोरा आणि अस्तराचं कापड आणलं, कारण वाळे नाहीत तर गोधडी तरी हवीच, असं काकूंनी बजावलं. १२ जणींच्या १२ जुन्या साड्यांचे तुकडे जमलेत. तेरावा तुकडा काल सासूबाईंनी पाठवला, हिरव्या इरकलीचा. तो मधोमध लावायचं ठरलंय, चारी बाजूंचे टाके अजून घालायचे आहेत आणि वाढदिवस गुरुवारी आहे.