विचारायचे राहून गेले



शोकसभेत एक वाक्य हमखास कानी पडते : ‘यांना जिवंतपणी अधिक ओळखायला हवे होते.’ कामगार चळवळीत ही चुटपूट नुसती मनाची राहत नाही; तिने चळवळीचे नुकसान होते. नारायण मेघाजी लोखंडे यांचे उदाहरण घ्या.

१८४८ साली जन्मलेले लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी. १८८० पासून त्यांनी मुंबईतून ‘दीनबंधु’ चालविला. १८८१ च्या कारखाना कायद्याने फक्त मुलांच्या कामाच्या तासांना मर्यादा घातली होती. प्रौढ कामगाराला ना तासांचे बंधन, ना आठवड्याची सुटी. १८८४ साली लोखंड्यांनी गिरणी कामगारांची संस्था काढली आणि साडेपाच हजार कामगारांचा अर्ज सरकारकडे गेला. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी मालकसंघाने रविवारची सुटी मान्य केली.

आता गंमत पाहा. मुंबईतील कारखाना कायद्याच्या अंमलबजावणीवरील १८९२ च्या सरकारी अहवालात नोंद आहे की, या संस्थेला सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत. मग अशा संस्थेने दहा हजार माणसे जमविली कशी? अक्षरशत्रू कामगारांमध्ये अर्ज फिरविला कोणी? जॉबरची भीती कशी मोडली? युनियनचे काम करणाऱ्याला सुटीच्या तारखेपेक्षा हे कळणे अधिक मोलाचे. ते सांगू शकणारा माणूस प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता फेब्रुवारी १८९७ मध्ये प्लेगानेच गेला. त्याने पन्नाशीही गाठली नव्हती.

पुढे मनोहर कदम यांनी परिश्रमपूर्वक त्यांचे चरित्र लिहिले. २००५ साली टपाल तिकीटही निघाले. परंतु तोवर शंभर वर्षे लोटली होती. लोखंड्यांच्या शेजारी बसलेला एकही माणूस विचारायला उरला नव्हता. कागद जपून ठेवता येतात. कागदावर न आलेले माणसाबरोबर जाते.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तेव्हा विशीत असलेले आज साठी ओलांडून गेले आहेत. त्यांच्यापैकी कोणी तुमच्या आळीतही असेल. संपात चूल कशी पेटली, गावाकडून धान्य कोणी आणले, घरातल्या बाईने काय सोसले, हे त्यांना आज विचारा. हार घालायला पुष्कळ लोक मागाहून येतील.